पळीवाढं

सव्वीस वर्षं पहाटे पाचला
ती पितळी मूठ मीच घासायचे,
लिंबू, राख, मग कोरडं फडकं.
दाराची मूठ, बाहेरच्या बाजूची.
आतल्या मुठीला दुसरी बाई होती.

तूरिनला जानेवारीत आठपर्यंत उजाडत नाही.
कमानींखाली धुकं उभं असतं
थकबाकी मागायला आल्यासारखं.
मी बादली उचलून निघणार
तेवढ्यात फटीतून तो वास यायचा,
करपण्याच्या एक बोट अलीकडचा.
मला वाटायचं, कॉफीच असेल,
श्रीमंतांची.

आज मंगळवार.
काम सुटून अकरा दिवस झाले.
बुटांना नवे तळवे लावून घेतले
आणि आत गेले.

लाल मखमलीच्या खुर्चीवर टेकले, काठावर,
कुणी उठवलं तर पटकन उठता यावं म्हणून.
चहूकडे आरसे. प्रत्येकात मीच. फार झाले मी.
शेजारी एक म्हातारे वकील
मिटलेल्या पुस्तकासारखे बसलेले,
चमच्याने काहीतरी खात होते, कपातून.
वेटर आला. एर्मेस, छातीवरच्या पट्टीवर लिहिलेलं.
म्हटलं, त्यांना दिलंय ते.

कप आला. भातुकलीतला असावा एवढा.
सोबत पाण्याचा पेला, वाटीत साय.
मी कप तोंडाला लावला, कलंडला,
कप कलंडला, आतलं कलंडेना.
वाटलं, थिजलंय. वाटलं, मलाच असं दिलंय.
मग ते निघालं,
रुसलेल्या व्याह्यासारखं,
चार पावलं टाकून परत थांबत.

पळीवाढं!
घोट म्हणावा तर चावावासा वाटतो,
घास म्हणावा तर दातांना काही लागत नाही.
आधी कडू. तोंडदेखलं गोड काहीच नाही त्यात.
मग टाळूला चिकटून
स्वतःच्या सवडीने उलगडत गेलं,
आणि मी, जिने आयुष्यात
जिना वाळण्याचीही वाट पाहिली नाही,
गप्प बसून राहिले.

आणि ओळख पटली.
आमच्या लुकानियातल्या डोंगरगावात
कार्निव्हलच्या आधी डुक्कर कापायचे.
आई त्याचं ताजं रक्त गाळून घ्यायची,
त्यात चॉकलेट, साखर, संत्र्याची साल,
मंद आचेवर एका दिशेने ढवळायची.
कार्मिने कढई पालथी करून चाटायचा,
कपाळाला काजळी लागेपर्यंत.
मी नाक दाबून खायचे. पण खायचे.
त्यातलं रक्त वजा करा,
ते लोखंड, ते किंचाळणं,
उरतं ते हे.
साडेसहा युरो.

एर्मेस विचारायला आला, ठीक आहे ना सगळं?
म्हटलं, पीठ कशाचं लावता?
तो वाकून हळूच म्हणाला,
बटाट्याचं, सिन्योरा, चिमूटभर.
खरं पीठ हाताचं.
हात थांबला, की गाठी.

मी माझी बोटं पाहिली.
अकरा दिवस.
पेरं आत्ताच सकाळी वळत नाहीत.

साय मी शेवटी घातली, चुकीच्या वेळी,
वकिलांनी भुवई उचलली.
उचलू दे.
तळाला जी खरवड राहिली
तिथे चमचा पोचेना,
मग मी बोट घातलं.
आरशातल्या सगळ्याजणींनी घातलं.

माझं नाव इम्माकोलाता,
म्हणजे जिच्यावर डाग नाही ती.
पाद्र्याने ठेवलं, आईने ऐकलं,
आणि मी दुसऱ्यांचे डाग काढत इथवर आले.
कॉलरवर आता एक आहे, नाण्याएवढा.

निघताना पहिल्यांदाच
आतली मूठ हातात आली.
मळकट. कोपऱ्यांत हिरवी.
ही बाई राख वापरतच नाही वाटतं.
सवयीने बाही ओढली पुसायला,
आणि पाहिलं,
माझं बोट उमटलंय तिच्यावर,
तपकिरी, रेघा स्पष्ट.

बाही सोडून दिली.
बाहेर ट्राम आली होती, नऊ नंबर, रिकामी.
जीभ अजून टाळूवरून निघत नव्हती,
कंडक्टरला थांबाही सांगता आला नाही नीट.